वीस कोअर की ९६ एमबी कॅश?

केदारचा प्रश्न साधा होता. नवीन कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर म्हणून इंटेलचा कोअर आय७ १४७००के टाकायचा की एएमडीचा रायझेन ७ ७८००एक्स३डी? मंदारने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"यात विचारायचं काय? वीस कोअर म्हणजे काम करणारे वीस भाग, अठ्ठावीस थ्रेड म्हणजे एकाच वेळी तेवढी कामं, घड्याळाचा वेग ५.६ गिगाहर्ट्झ. समोर आठ कोअर, सोळा थ्रेड, ५ गिगाहर्ट्झ. सिनेबेंच, ती थ्रीडी चित्र तयार (रेंडर) करायला लावून वेग मोजणारी चाचणी, लाव, जवळजवळ दुप्पट स्कोअर येतो."

"वीसपैकी बारा ई-कोअर, म्हणजे छोटे, वीज वाचवणारे कोअर आहेत हे बरं गिळलंस," श्रुती म्हणाली. "पी-कोअर, म्हणजे मोठे वेगवान कोअर, दोघांकडे आठच. आणि केदार काय दिवसभर सिनेबेंच खेळणार आहे?"

"ई-कोअर रेंडरच्या वेळी झोपा काढत नाहीत. थ्रीडीचं ब्लेंडर, व्हिडिओ रूपांतराचं हँडब्रेक, कोड कंपाइल करणं, सगळीकडे कामाला येतात."

"ते मान्य. पण गेममध्ये कोअर मोजून उपयोग नाही. एएमडीचाच ७७००एक्स घे. तीच झेन ४ रचना, तेच आठ कोअर, घड्याळ उलट जास्त, ५.४. सिनेबेंचमध्ये तो ७८००एक्स३डीच्या पुढे आणि बहुतेक गेममध्ये मागे. फरक कशाचा? एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा. ७७००एक्सकडे ३२ एमबी, ७८००एक्स३डीकडे वर चिकटवलेले ६४ धरून ९६. गेमला लागणारा डेटा कॅशमध्ये सापडला तर दहा-बारा नॅनोसेकंदांत काम होतं. रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तर-ऐंशी जातात. तेवढा वेळ कोअर हात बांधून बसतो. मग तो ५ वर बसला काय आणि ५.६ वर बसला काय!"

सिनेबेंचच्या टाइल्सना, म्हणजे चित्राच्या छोट्या तुकड्यांना, एवढी कॅश लागतच नाही, म्हणून तिथे ती दिसत नाही, हेही तिने सांगितलं. १४७००केची एल३ ३३ एमबी आहे. मंदार यावर काही बोलला नाही, म्हणजे त्याला ते माहीत होतं.

विनू तोवर गप्प होता. "तुमचे दोघांचे आकडे कुठल्या सेटिंगवरचे?" त्याने विचारलं. खरी चर्चा इथून पुढे झाली.

त्याचं म्हणणं असं, की १४७००केचा स्कोअर हा निम्मा प्रोसेसरचा आणि निम्मा मदरबोर्डचा असतो. कमाल टर्बो पॉवर, म्हणजे जोरात चालताना घ्यायची जास्तीत जास्त वीज, २५३ वॅट. काही बोर्ड बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ही मर्यादाच उडवून देतात, म्हणून पहिल्यांदा इंटेल डीफॉल्ट प्रोफाइल निवडायचं. पीएल१, म्हणजे सतत चालतानाची वीजमर्यादा, १२५ वॅटवर ठेवला असेल तर ५६ सेकंद जोरात आणि नंतर घसरण. एकच फेरी लावून पाहिली तर ती घसरण दिसतच नाही. म्हणून सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवायचं आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेतो ती वीज), तापमान आणि थ्रॉटलिंगच्या (आपोआप वेग कमी होण्याच्या) ओळी बघायच्या. २५३ वॅटला साधा टॉवर कूलर पुरत नाही. कोअर १०० अंशांवर टेकतात, घड्याळ खाली येतं आणि माणूस प्रोसेसरला शिव्या देतो. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढायची राहिली तरी अगदी असंच दिसतं.

"७८००एक्स३डीचं तापमानही ऐंशीच्या घरात जातं की," मंदार.

"जातं, कारण ती ६४ एमबी कॅश कोअरच्या चिपवर चिकटवलीय. उष्णता त्या थरातून वर येते. मर्यादा ८९ अंश. पण वॅट किती कमी ते बघ, चांगल्या एअर कूलरवर भागतं," विनू म्हणाला.

गेमच्या चाचणीबद्दल विनू जास्तच काटेकोर आहे. ४केवर अल्ट्रा सेटिंग लावून दोन प्रोसेसरची तुलना करणं म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोजणं. १०८०पी, तगडं कार्ड, व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनशी बांधणं) बंद, रेझोल्यूशन स्केलिंग (चित्र लहान बनवून ताणणं) बंद. कार्डचा वापर ९७-९९ टक्के दिसला, म्हणजे कार्डच अडवतंय, तर ती चाचणी बादच धरायची. तोच सेव्ह, तोच रस्ता, तीन फेऱ्या. शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होत असताना घेतलेली पहिली फेरी टाकून द्यायची.

"आणि नुसती सरासरी सांगू नका," तो म्हणाला. "शंभर फ्रेम घ्या. नव्याण्णव प्रत्येकी ८ मिलिसेकंदांच्या, एक ५० ची. एकूण ८४२. सरासरी निघते जवळजवळ ११९ एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम. कागदावर झकास, पण ती एक फ्रेम डोळ्यांत खुपते. म्हणून १% लो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघायचा. मोठ्या कॅशचा फायदा बऱ्याचदा तिथे जास्त दिसतो."

रॅमवर फार वाद झाला नाही. दोन्हीकडे डीडीआर५-६०००च्या दोनच स्टिक, सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर चार स्टिक भरल्या तर अधिकृत वेग ३६००वर येतो. पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, तेव्हा घाबरून बटण दाबायचं नाही.

मग श्रुतीने ठेवणीतलं काढलं. "इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत होते, ते विसरलास?"

"२०२४च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरचा आतला प्रोग्राम) आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आणि २०२३मध्ये एक्स३डी जळाले, एसओसी (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) व्होल्टेज १.३वर बांधावं लागलं, ते कोण विसरलं?"

दोघंही बरोबर. विनूने एवढीच भर घातली, की मायक्रोकोडने पुढचं नुकसान टळतं, आधी झालेलं भरून येत नाही. त्यामुळे जुना १४७००के घ्यायचाच झाला तर भली मोठी झिप फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहायची आणि शेडर कंपाइल करताना गेम बंद पडतो का ते बघायचं. ग्राफिक्स मेमरी भरपूर असूनही ती संपल्याचा संदेश आला तर संशय प्रोसेसरवर घ्यायचा.

एवढं झाल्यावर केदारला कोणीतरी विचारलं, बाबा, तुझं काम काय?

"गेम रात्री. दिवसा व्हिडिओ एडिटिंग, फुटेज एचईव्हीसी, ४:२:२ दहा-बिट, म्हणजे जास्त रंगमाहितीचं."

मंदारचा चेहरा खुलला. १४७००केमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचं खास सर्किट, असं फुटेज हार्डवेअरवर डिकोड करतं. ७८००एक्स३डीमधलं ग्राफिक्स करत नाही. कार्ड लावल्यावर काही बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात, तेवढं बायॉसमध्ये चालू करायचं.

"मग पीएल१ आणि पीएल२ (थोड्या वेळाची वीजमर्यादा) दोन्ही १८० वॅटवर बांध," श्रुती म्हणाली. "रेंडर किंचित लांबेल, पण कूलर बोंबलणार नाही. आणि एलजीए१७००, म्हणजे १४७००केचं सॉकेट, या पिढीवरच संपलं हे लक्षात ठेव. एएम५ बोर्डात बायॉस अपडेट करून पुढच्या पिढीचा ९८००एक्स३डी बसतो. तुझ्या बोर्डात पुढे काय बसवशील?"

"१४९००के," मंदार म्हणाला, आणि वाद पुन्हा वॅटवर आला.