दीड हजारातला फोर-के कॅमेरा: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

शेतात सोयाबीनच्या सुड्या लागल्या की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, दावे तेच राहतात: दीड हजारात ८ मेगापिक्सेल फोर-के कॅमेरा, रात्री १०० मीटरवरचा चेहरा स्पष्ट, सोलरवर २४ तास रेकॉर्डिंग, सरकारमान्य, आणि याच मालाचे मोंढ्यातले दुकानदार चौपट पैसे घेतात. ज्याची मोटार, केबल, स्टार्टर एकदा चोरीला गेलंय तो हे वाचून लगेच ऑर्डर टाकतो. त्याची अशी फसवणूक होते याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

‘८ मेगापिक्सेल’पासून सुरुवात करू. खऱ्या फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) असतात. स्वस्त कॅमेऱ्याच्या खोक्यावर हा आकडा बहुतेक वेळा दोन वाटांनी येतो. एक तर आतला सेन्सर (चित्र टिपणारी चिप) २ मेगापिक्सेलचाच असतो आणि सॉफ्टवेअर त्याचं चित्र ताणून मोठं करतं. त्यातून नवीन बारकावा काहीच मिळत नाही. नाहीतर दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात ४ अधिक ४ अशी बेरीज करून ८ छापतात. दोन्ही लेन्सची चित्रं वेगळी असतात, त्यातलं एकही ८ मेगापिक्सेलचं नसतं. ‘३६ एक्स झूम’चंही तसंच. लेन्स पुढं-मागं हलत नसेल तर तो डिजिटल झूम, म्हणजे मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करतो तेवढाच.

‘१०० मीटरवरचा चेहरा’ हा दावा सगळ्यात घातक आहे, कारण माणूस याच भरवशावर कॅमेरा शेतातल्या आखाड्याच्या पत्र्यावर उंच लावून निवांत झोपतो. सीसीटीव्हीसाठी आयईसी या संस्थेचं ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा असेल तिथे एका मीटरला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस असेल तर १२५, आणि कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. आता हिशोब करा. लेन्स ९० अंशांचा कोन टिपणारी असेल तर १० मीटरवर चित्रात २० मीटर रुंदी मावते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे आडवे १९२० पिक्सेल त्या २० मीटरवर वाटले की मीटरला ९६ येतात. म्हणजे दहा मीटरवर शेजारचा गडीसुद्धा खात्रीनं ओळखू येणार नाही. अनोळखी चोराच्या चेहऱ्यासाठी हद्द चार मीटरच्याही आत. खरा फोर-के घेतला तरी साडेसात मीटरच्या आसपास. १०० मीटरवर २ मेगापिक्सेलमध्ये मीटरला दहासुद्धा पिक्सेल मिळत नाहीत. अख्खा माणूस चार-पाच पिक्सेल रुंद दिसतो.

आणि हे दिवसाचं गणित झालं. रात्री ‘नाइट व्हिजन ५० मीटर’ म्हणजे फार तर एलईडीचा उजेड तिथवर पोचतो. छोट्या सेन्सरवर चालता माणूस पुसट दिसतो, समोर किडे घोंघावतात, लेन्सवर धूळ बसते.

‘सोलरवर २४ तास’. बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे झोपलेले असतात. पीआयआर (अंगाची उष्णता टिपणाऱ्या) सेन्सरला हालचाल लागली की जागे होतात, तीही साधारण दहा मीटरच्या आत. सलग रेकॉर्डिंग ते करतच नाहीत. आत १८६५० आकाराचा सेल असून त्यावर ९९०० एमएएच (बॅटरीची क्षमता) छापलं असेल तर ते खोटं आहे. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. कार्डाचंही बघा: २ एमबीपीएसनं (सेकंदाला दोन मेगाबिट) सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं.

‘सरकारमान्य’ या शब्दानं फसू नका. सीसीटीव्हीसाठीचे सुरक्षेचे नवे नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर कॅमेऱ्याचा ‘आर’नं सुरू होणारा नंबर टाकून बघा, नंबरच नसेल तर तो घेऊ नका. पण त्या तपासणीत पासवर्ड, एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून ठेवणं), कॅमेऱ्याशी होणारी छेडछाड यांचा विचार होतो. चेहरा किती लांबून दिसतो याची हमी त्यात नाही.

दुकानदारांवरच्या आरोपात थोडं तथ्य आहे. तोच माल दुकानातही मिळतो. फरक एवढाच की दुकानदाराला तुम्ही विचारू शकता: आधी बसवलेल्या कॅमेऱ्याची रात्रीची मूळ फाइल दाखवा, दहा मीटरवरून माणूस चालतानाची. दाखवायला टाळाटाळ केली तर पुढचं दुकान बघा.

बजेट कमी असेल तर खरा २ मेगापिक्सेल आणि ६ एमएम लेन्सचा कॅमेरा घ्या. त्याचं चित्र अरुंद असतं, पण दिवसा सात-आठ मीटरपर्यंत चेहरा मिळतो. तो सगळ्या शिवारावर रोखू नका. स्टार्टरच्या पेटीकडे किंवा पायवाटेकडे, डोक्याच्या थोडा वर लावा आणि चार-पाच मीटरवर स्वतः रात्री चालून क्लिप तपासा.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर ऑर्डरआधी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नंतर तिथले आकडे बदलता येतात. खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा. विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते.