पोटाला दिवा लावून मासा लपतो तो कसा

नमस्कार काका,

खोल समुद्रातल्या उजेड करणाऱ्या प्राण्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळपर्यंत डोक्यात तीच होती. तुम्ही लिहिलंय की पोटाला दिवे लावून मासा लपतो हे तर्काला धरून नाही, अंधारात उजेड केला की शिकारी धावूनच येणार, आणि असले प्राणी चार-दोन अपवाद, सोलापुरात बसून त्यावर एवढं लिहायचं कशाला.

आधी दिव्याचं बघू. मे महिन्यात भर दुपारी होटगी रोडवर वर बघा, घार फिरत असते. घार असते तपकिरी पण खालून दिसते काळी, कारण मागं आभाळ लखलखीत आणि तिचं पोट सावलीत. समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात असंच असतं बघा, वरून मंद निळा उजेड झिरपतो आणि कित्येक शिकारी वर बघत टपलेले असतात, काहींचे तर डोळेच वर वळलेले. तिथला हॅचेटफिश, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा आणि एवढुसा, वरून जेवढा उजेड येतोय तेवढाच निळा उजेड पोटातून खाली सोडतो, वरचा कमी झाला की हा पण कमी करतो, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची सावलीच सापडत नाही. मापापेक्षा जास्त पाजळला तर तुम्ही म्हणता तसं मरणारच की.

आता तुमचा जो मुद्दा एकदम बरोबर आहे तो. हजार मीटरखाली सूर्याचा उजेडच पोचत नाही, मग पोटाचा दिवा काय कामाचा? मी लेखात सरसकट ‘खोल समुद्रात’ लिहून टाकलं ती माझी चूक, ते वाक्य आजच दुरुस्त केलंय. तिथं उजेडाची कामं वेगळी. ॲटोला नावाची जेलीफिश कुणी धरली की निळ्या उजेडाची चक्रं फिरवते, ते बघून आणखी मोठा शिकारी यावा आणि धरणाऱ्यालाच गाठावं म्हणून, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे उजेडाला शिकारी धावून येतो हे तुमचंच म्हणणं, तिला तेच तर हवंय! एडिथ विडर या समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी तसलाच नकली निळा दिवा बनवला, 2012 मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ तो खाली सोडला आणि जायंट स्क्विड, म्हणजे महाकाय माकूल, ज्याचा खोल पाण्यात तोवर कुणालाच व्हिडिओ मिळाला नव्हता, तो कॅमेऱ्यासमोर आला.

पण चार-दोन अपवाद हे नाही पटत काका. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बेच्या संशोधकांनी 17 वर्षांच्या व्हिडिओंमधल्या साडेतीन लाखांवर नोंदी तपासून 2017 ला छापलं, तिथल्या पाण्यात तरंगणारे-पोहणारे 76 टक्के प्राणी उजेड करू शकणारे निघाले. एवढं मोठं जग, सोलापूरकरानं का लिहू नये त्यावर?

तुम्ही फिजिक्स शिकवलंय म्हणून अजून एक. नुसता खाली टॉर्च मारून भागत नाही, तिरकं बघणाऱ्यालाही हिशोब जुळायला पाहिजे, म्हणून हॅचेटफिशच्या त्या दिव्यांत आरसे आणि फिल्टर असतात, कोनाप्रमाणे उजेड कमीजास्त पडतो. त्याची आकृती काढतोय, रविवारी टाकतो. कोन चुकला असेल तर असंच स्पष्ट सांगा.