विक्रम गोखले २३ ला नाही, २६ नोव्हेंबरला गेले

विक्रम गोखलेंच्या फोटोखाली "२३ नोव्हेंबर २०२२, पुण्यस्मरण" असं लिहिलेली इमेज परत फिरतीये, आमच्या फॅमिली ग्रुपवरपण आली, म्हणून लिहितोय. तारीख चूक आहे. २३ च्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली होती, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या टाकल्या, आणि ते मात्र पुण्यात दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलमध्ये होते, तब्येत नाजूक पण जिवंत. घरच्यांनाच सांगावं लागलं की अहो ते आहेत, प्रार्थना करा. विचार करा, आपलं माणूस आयसीयूत आहे आणि फोनवर सांत्वनाचे मेसेज येतायत, किती वाईट वाटलं असेल. ते गेले शनिवारी, २६ ला दुपारी.

त्याच मेसेजमधे कमलाबाई गोखले त्यांच्या आई असंही लिहिलंय. आई नाही हो, आजी. विक्रमजींचे वडील चंद्रकांत गोखले, त्यांच्या आई त्या. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मधे कमलाबाई मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती, म्हणजे विक्रमजींच्या पणजीपासून हे घर पडद्यावर आहे! हे तरी नीट लिहा.

बाकी 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार, घशाच्या त्रासामुळे २०१६ मधे नाटक सोडलं, हे बरोबर आहे. इमेज पुढे पाठवली असेल तर प्लीज डिलीट करा आणि तिथेच खरी तारीख टाका.