चेन ताणली जात नाही, झिजते

आमच्या धायरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मोटरसायकलच्या चेनबद्दल एक मेसेज तिसऱ्यांदा फिरतोय: ‘शोरूमवाले चेन किट माथी मारून लुबाडतात. चेन ताणली की दोन कड्या काढा. चेन जितकी घट्ट तितका ॲव्हरेज जास्त. जुनं इंजिन ऑइल घाला. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडकं धरा, दोन मिनिटांत चेन साफ.’ खाली २७ अंगठे. त्या अंगठ्यांची काळजी वाटते, म्हणून शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो.

चालत्या चेनला फडकं लावायचं नाही. फडकं स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दात्यात अडकतं आणि मागोमाग बोटं जातात. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. यावर चर्चा नको.

आता दोन कड्या. मुळात चेनच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) एकमेकांवर घासून प्रत्येक सांध्यात खेळ वाढतो. हिशेब करून बघा: ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची. १२० कड्या धरल्या तर लांबी १५२४. दोन कड्या काढायच्या म्हणजे २५.४ मिलिमीटर कमी करायचे. म्हणजे चेन तेवढी लांबली, तेव्हा प्रत्येक सांधा जेमतेम ०.२ मिलिमीटर झिजलाय, पण एकूण लांबी दीड टक्क्याच्या वर गेलीय. दोन टक्के हीच साधारण रद्दीची वेळ! कड्या काढून लांबी कमी होते, राहिलेल्या ११८ सांध्यांतला खेळ तसाच राहतो. अशी चेन दात्यांच्या बुडाशी न बसता वर चढते, भार मोजक्या दात्यांवर येतो आणि ते आकड्यासारखे वाकडे झिजतात. त्या दात्यांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. म्हणून चेन आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलायची; यालाच चेन किट म्हणतात.

‘लुबाडतात’ हे मात्र अगदीच खोटं नाही. धडधाकट चेन असताना किट बदला म्हणणारे मलाही भेटलेत. त्यावर उपाय सोपा: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार, नाना पेठ गाठा. नाही पडला तर मेकॅनिकला नमस्कार करून घरी या.

घट्ट चेनचं म्हणाल तर, डबलसीट गाडी स्पीडब्रेकरवर आदळली की मागचं चाक वर-खाली होतं आणि चेन आणखी ओढली जाते. आधीच तंग असेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना खालच्या बाजूला मध्यावर २० ते ३० मिलिमीटर झोल (ढिलेपणा) लागतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत तंग लागते तिथेच मोजा.

जुन्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. तो पिन-बुशमध्ये घालायचा म्हणजे आपल्याच हाताने पॉलिश पेपर फिरवणं. साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल पुरतं. ते चेनच्या आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटीत सोडा. ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

आणि चेन काढलीच तर लॉक (जोडकडीची क्लिप) परत बसवताना त्याची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला ठेवा. मेसेजमध्ये हे राहूनच गेलंय.