नायजेरियातल्या होतकरूंसाठी

महत्त्वाकांक्षा आपली स्वतःची असते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. समजा, तुमचा जन्म नायजेरियात झालाय आणि तुम्ही घरातले थोरले चिरंजीव आहात. पहिल्या वर्षाची फी काकांनी जमिनीचा तुकडा विकून भरली. धाकटी बहीण शाळा सोडून आईशेजारी बाजारात टोमॅटोचे ढीग मांडून बसली, त्यातून तुमची पुस्तकं आली. चर्चमध्ये तुमच्या नावानं वर्गणी झाली. इतके ठेवीदार असलेली तुम्ही एक चालतीबोलती पतपेढी आहात, तेव्हा ठेवी मागायला लोक येणारच.

डॉक्टर, वकील, इंजिनियर यांपैकी काय व्हायचं, ते ठरवायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात. चार वर्षांच्या पदवीला सहा लागली तरी खचू नका. २०२२ मध्ये सरकारी विद्यापीठांतले प्राध्यापक आठ महिने संपावर होते, तेव्हा उशीर झालेले तुम्ही एकटे नाही. पुढे राष्ट्रीय सेवेचं एक वर्ष, मग नोकरीचा शोध. ती लागलीच तर पहिल्या पगाराच्या आठवड्यात फोन वाजू लागतील. चुलतभावाच्या बायकोचं बाळंतपण, आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, गावच्या घराचं छप्पर. पगार संपतो, यादी संपत नाही. एव्हाना तुमच्या लक्षात येईल की नोकरी करणं घराला परवडण्यासारखं नाही, राजकारणातच उतरायला हवं. देशाचं नंतर पाहू, आधी आत्याचा डोळा.

तरुण असाल तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. २०१८ मध्ये पोरांनी रेटा लावून राष्ट्राध्यक्षपदासाठीची वयाची अट ४० वरून ३५ वर आणली. याचा अभिमान जरूर बाळगा, पण अर्ज विकत घ्यायच्या खिडकीपर्यंतच. २०२२ मध्ये सत्ताधारी एपीसी पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायची, तर नुसता अर्ज १० कोटी नायराला होता. तेव्हाचं किमान वेतन महिना ३०,००० नायरा. काही न खाता साठवलंत तर २७८ वर्षांत रक्कम जमते. तरुणांना सवलत होती, ती धरली तरी शंभरावर वर्षं जातात. पस्तिशीची अट तोवर सहज पूर्ण होईल.

अर्ज हाती आला की उगाच जाहीरनामा लिहीत बसू नका. जून २०२२ मध्ये अबेओकुटाच्या सभेत त्याच पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या बोला टिनुबूंनी योरुबा भाषेत सांगून टाकलं: आता माझी पाळी. पुढच्या फेब्रुवारीत ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडूनही आले, ८७ लाख ९४ हजार मतं मिळवून. नोंदलेले मतदार होते ९ कोटी ३४ लाख. म्हणजे दहातला एकसुद्धा धड नाही. बहुतेक लोक मतदानाला फिरकलेच नाहीत. तेव्हा जनता नाराज असेल तर असू द्या. ती घरी बसून नाराज राहील, एवढं बघा.

तुमचा गाव कोणता? लागोस म्हणू नका. तुम्ही लागोसमध्ये जन्मलात, आजोबा तिथेच वारले, गावाकडची भाषा तुम्हाला मोडकीतोडकी येते, हे सगळं मान्य. पण मूळचे कुठले याचा दाखला वडिलांच्या गावच्या स्थानिक प्रशासनाकडूनच आणायचा असतो. देशात अशी ७७४ कार्यालयं आहेत, त्यांतलं एक आपलं. तिथल्या कारकुनाला नमस्कार करायला विसरू नका. केंद्रात प्रत्येक राज्याचा निदान एक मंत्री हवा, असं घटनाच सांगते. मग त्या राज्याचा तो माणूस तुम्ही का नको?

आता घराणं. याबाबतीत हयगय नको. टिनुबूंच्या आई लागोसच्या बाजारपेठेतल्या बायकांच्या पुढारी होत्या. त्या २०१३ मध्ये गेल्या आणि पद नातीकडे आलं. पत्नी बारा वर्षं सिनेटमध्ये. हे झालं सुरळीत घर. पण खरी साधना पाहायची तर क्वारा राज्यात इलोरिनला जा. तिथे ओलुसोला साराकी सर्वेसर्वा होते, त्यांच्या शब्दावर गव्हर्नर ठरायचे. मुलगा बुकोला २००३ ते २०११ गव्हर्नर, मुलगी ग्बेमिसोला त्याच काळात सिनेटर. मुलाच्या दोन मुदती संपल्या, तसे वडील म्हणाले, आता खुर्ची मुलीला. मुलगा म्हणाला, नाही. वडिलांनी पक्ष सोडून एका चिमुकल्या पक्षातर्फे मुलीला उभं केलं, मुलानं आपला माणूस उभा केला, आणि मुलाचा माणूस निवडून आला. त्या घरातलं रविवारचं जेवण कसं झालं असेल कोण जाणे. पुढे बुकोला सिनेटचे अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये लोकांनी ‘ओ तो गे’, आता पुरे, अशी आरोळी ठोकत त्यांना घरच्याच मतदारसंघात पाडलं. त्याच वर्षी बहीण विरुद्ध पक्षाच्या सरकारात मंत्री झाली! जनतेनं कितीही पुरे म्हटलं तरी घरातलं एक माणूस सत्तेत राहील, अशी सोय असावी ती अशी.

बायकोला मतं असू शकतात, त्याची तयारी ठेवा. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारींच्या पत्नीनं मुलाखतीत नवऱ्याच्या कारभारावर टीका केली. बुहारी तेव्हा जर्मनीत होते. शेजारी चान्सलर मर्केल उभ्या असताना ते म्हणाले की ती माझ्या स्वयंपाकघरातली, दिवाणखान्यातली आणि ‘त्या दुसऱ्या खोली’तली. तुम्ही हे बोलताना शेजारी कोण आहे ते आधी पाहून घ्या.

निवडून आलात की काहीतरी वाटा. मोटारसायकली, शिवणयंत्रं आणि पुण्याच्या बजाजच्या रिक्षा. तिथे तिला केके म्हणतात, लागोसमध्ये तर केके मारवा, कारण ती मारवा नावाच्या लष्करी प्रशासकाच्या काळात रस्त्यावर आली. तीन चाकांवर माणूस अमर झाला. वाटायच्या प्रत्येक वस्तूवर तुमचा फोटो चिकटवा, शक्यतो हसरा. रस्तेबिस्ते बांधायच्या भानगडीत मात्र पडू नका. एकिती राज्यात २०१४ मध्ये विद्यमान गव्हर्नर फायेमी विकासाचे हिशेब मांडत राहिले आणि सोळाच्या सोळा तालुक्यांत हरले. जिंकलेल्या फायोसेंकडून तांदूळ मिळत होता. पोटाच्या पायाभूत सुविधा, असं त्या धोरणाचं नाव, आणि त्यासाठी त्यांनी पुढे खास सहायकही नेमला.

पैशांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पीटर एकेह या नायजेरियन अभ्यासकानं १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस दोन सार्वजनिक जगांत वावरतो. एक आपल्या जातकुळीचं, त्याचं देणं लागतो. दुसरं सरकारचं, गोऱ्यांनी आणलेलं, तिथून उचलून पहिल्यात आणलं तर गाव नाव ठेवत नाही. एकेहना ही दुखण्याची मीमांसा वाटत होती. तुम्ही ती कामाची पद्धत समजा. गाव भ्रष्टाचारावर तावातावानं बोलेलच, पण मंत्रालयातून रिकाम्या हातानं परतलेल्या मुलाला ते जेवायलासुद्धा बोलवत नाही.

हिशेब विचारलाच तर उत्तर तयार हवं. २०१८ मध्ये मकुर्डीतल्या परीक्षा मंडळाच्या कार्यालयात ३ कोटी ६० लाख नायरांचा मेळ लागेना, तेव्हा खुलासा आला की पैसे सापानं गिळले. एक सिनेटर तर गारुडी घेऊन मंडळाच्या मुख्यालयात पोहोचले. साप काही सापडला नाही.

आणि तुरुंगाची धास्ती कशाला? डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी एकेकाळी लंडनमध्ये एका दुकानात गल्ल्यावर होते. त्याच लंडनच्या न्यायालयानं २०१२ मध्ये मनी लाँडरिंगबद्दल त्यांना १३ वर्षांची शिक्षा दिली. २०१७ मध्ये ते ओघाराला परतले, तेव्हा गावानं वाजतगाजत स्वागत केलं.

तुमच्याही स्वागताची तयारी वेळेत करा. सगळ्या नातलगांना एकाच नमुन्याचं कापड लागेल, ते आधी ठरवा आणि दुकानदाराकडून स्वतःचं कमिशन ठरवून घ्या. ज्यांनी ते कापड घेतलं नाही त्यांच्या ताटात जोलोफ भात पोहोचणार नाही, ही काळजी आत्या घेईल, तिचा डोळा आता चांगला आहे. एकच पथ्य पाळा. नाचणाऱ्यांवर नायरा उधळू नका. चलनी नोटांचा तो अपमान आहे, कायद्यात सहा महिन्यांची कैद सांगितली आहे, आणि २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या एका प्रसिद्ध व्यक्तीला त्यासाठी खरोखर सहा महिन्यांची शिक्षा झाली. नोटा पाकिटात घालून द्या.