डॉलर देवाच्या नावामुळे मोठा झालेला नाही

दिवाळीच्या सुमाराला फिरणारा एक फॉरवर्ड यंदा माझ्या मामीच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिथून थेट तिच्या पाकिटातल्या नोटांपर्यंत पोचला. म्हणून हे लिहिते आहे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेच्या संस्थापकांनी पहिल्या दिवसापासून डॉलरवर ‘इन गॉड वी ट्रस्ट’, म्हणजे आमचा देवावर भरवसा आहे, असं छापलं. त्याला तिथे कुणीही विरोध केला नाही, कोर्टांनीही ते मान्य केलं आणि त्याच पुण्याईवर डॉलर बलाढ्य झाला. इंडोनेशियाने नोटेवर गणपती छापून आपलं चलन सावरलं. आपलं सरकारही नोटांवर लक्ष्मी-गणपती छापेपर्यंत हाताशी येईल त्या नोटेवर पेनने ‘श्री’ लिहा.

संस्थापकांचा मुद्दा सरळ खोटा आहे. १७८७ च्या फ्युजिओ सेंट या नाण्यावर सूर्यघड्याळ होतं आणि ‘आपलं काम बघा’ अशा अर्थाचे शब्द होते. देवाचं नाव आलं ते यादवी युद्धात. १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वॉटकिन्सन नावाच्या पाद्र्याने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं. त्याची चिंता अशी होती की आपलं प्रजासत्ताक मोडून पडलं, तर पुढच्या शतकांतले संशोधक आपली नाणी बघून आपल्याला धर्महीन, म्हणजे ख्रिस्ती नसलेलं राष्ट्र समजतील. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या जागी दुसरं काहीतरी आणा, असंही त्याने सुचवलं होतं. लक्ष्मी-गणपतीसाठी या इतिहासाचा दाखला देणाऱ्यांनी ते पत्र एकदा वाचावंच. त्याच्या लेखी आपण सगळेच त्या धर्महीनांत मोडतो. त्यानंतर १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर हे शब्द पहिल्यांदा उमटले.

आता बलाढ्य डॉलरचं बघू. शहाणीसुरती माणसं या वाक्याला माना डोलावतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कागदी डॉलरवर हे शब्द छापायला सुरुवात झाली १९५७ मध्ये. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यासाठीच्या कायद्यावर १९५५ मध्ये सही केली. शीतयुद्धाचे दिवस होते आणि देव न मानणाऱ्या सोव्हिएत संघापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवायचं होतं. पण डॉलर बलाढ्य ठरला तो त्याआधीच, १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. तिथे ४४ देशांनी आपापली चलनं डॉलरला आणि डॉलर ३५ डॉलरला एक औंस या दराने सोन्याला बांधायचं ठरवलं, तेव्हा डॉलरच्या नोटेवर हे शब्द नव्हतेच. त्यामागे होते अमेरिकेचे कारखाने, तिजोरीतलं सोनं आणि युद्धाने खचलेला युरोप. पुढे १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि डॉलरचा तो आधार सुटला, तेव्हा मात्र प्रत्येक नव्या नोटेवर हे शब्द होते. नाण्यांवर तर ते आधीपासून होते ना, असं कुणी म्हणेल. होते, आणि १९२९ ची महामंदीही त्याच काळात आली.

विरोध झाला नाही, हेही खरं नाही. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नव्या सोन्याच्या नाण्यांवरून हे शब्द वगळले. ते स्वतः श्रद्धाळू होते. त्यांनी पत्रात कारण दिलं की देवाचं नाव नाण्यावर घालणं हा अनादर आहे, जवळजवळ पावित्र्यभंगच, आणि या शब्दांवरून लोक फक्त थट्टाच करतात. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९०८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ते शब्द परत आणले. औरंगजेबानेही आपल्या नाण्यांवरून कलमा काढला होता. पवित्र शब्द कुणाच्याही हातापायाखाली येऊ नयेत, हेच त्यामागचं कारण होतं. म्हणजे पैशावर देवाचं नाव नको म्हणणारा माणूस नास्तिकच असला पाहिजे, असं मुळीच नाही.

कोर्टांनी मान्य केलं, हे खरं आहे. पण १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने काय म्हणून मान्य केलं? हे शब्द देशभक्तीचे आणि औपचारिक आहेत, सरकारने धर्म पुरस्कारण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही, असं म्हणून. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना नेमकं हेच हवंय का?

इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती होता, हेही मान्य. १९९८ च्या २० हजार रुपियाच्या त्या नोटेवर तिथले शिक्षणतज्ज्ञ ‘की हजर देवांतारा’ यांचं चित्र होतं आणि त्यांच्या शेजारी विद्येची देवता म्हणून गणपती होता. पण १९९७ च्या मध्याला डॉलरला सुमारे अडीच हजार रुपिया पडत होते, तर १९९८ च्या जानेवारीत दहा हजारांहून जास्त. नोट आली ती चलन कोसळत असताना, आणि २००८ च्या अखेरीस ती व्यवहारातून काढून घेतली गेली.

उरलं पेनने ‘श्री’ लिहिणं. मामीने घरातल्या पाचशेच्या नोटांवर मोठ्या भक्तिभावाने लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत स्पष्ट आहे की नोटेवर वरून राजकीय किंवा धार्मिक संदेश लिहिलेला असेल, तर फाटकी-खराब नोट बदलून देण्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. नोट कोरी करकरीत असेपर्यंत बहुधा काही अडणार नाही, पण उद्या ती फाटली तर नुकसान मामीचं होणार, फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं नाही. ज्यांनी असं लिहिलंय त्यांनी घाबरून जाऊ नये, त्या नोटा साठवून न ठेवता धड आहेत तोवरच बँकेत भरून टाकाव्यात. आणि ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर हा नियमही पाठवावा.