पडलो तरी नाक वर

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब आहेत. त्यातले वरचे 20, म्हणजे प्रीमियर लीगवाले, सगळ्या जगाला ठाऊक. उरलेल्या 72 मध्ये आता तुमचाही क्लब आहे. मे महिन्यात मोसम संपला आणि तो खालच्या श्रेणीत घसरला, जे झालं ते झालं. आता जूनअखेर नवीन वेळापत्रक येईल, त्यातली निम्मी गावं नकाशात शोधावी लागतील, आणि तुम्ही इमानी चाहते असल्यामुळे त्या गावांना जावंही लागेल. तेव्हा चार गोष्टी आधीच समजून घ्या.

पहिली म्हणजे, आपण इथे तात्पुरते आहोत. हे स्वतःला नाही, दुसऱ्यांना पटवायचं आहे. स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्यापासून सुरुवात करा. 'आमचं स्टेडियम चाळीस हजारांचं आहे' हे वाक्य संभाषणात कुठेही बसतं, हवापाण्याच्या गप्पांतही. शिवाय तिसऱ्या श्रेणीला 2004 पासून 'लीग वन' म्हणतात, ही सोय बहुधा तुमच्यासाठीच केलेली असावी. लांबच्या नातेवाइकांना नुसतं 'आम्ही लीग वनमध्ये आहोत' एवढं सांगायचं आणि विषय बदलायचा. त्याखालच्या, चौथ्या श्रेणीच्या लीग टूमध्ये पोचलात की मात्र नातेवाईकच बदलायचे.

वागणूक कशी ठेवायची? लग्नात वरपक्ष ठेवतो तशी. बसायला दिलं तर जागा अरुंद, चहा दिला तर पाणचट, आणि मानपान कितीही झाला तरी 'आमच्याकडे असं नसतं'. फरक इतकाच की इथे तुम्हाला कुणी आमंत्रण दिलेलं नाही. तिकीट काढून आलात, तेही वीस-पंचवीस पौंडांचं. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला 2016 पासून 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे देशातले सर्वोत्तम खेळाडू तीस पौंडांत, आणि त्याहून जरासेच कमी पैसे मोजून उघड्यावर भिजत बघायचा हा सामना. याबद्दल तक्रार करायला हरकत नाही, ती खरीच आहे. पण ती मैदानात प्रेक्षकांवर लक्ष ठेवणाऱ्या, त्या गावातल्या म्हाताऱ्या स्टुअर्डकडे करा. तिकिटाचे दर तोच ठरवतो.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. क्लबने ठरवलेल्या बसमध्ये दारू चालत नाही, 1985 चा कायदा आहे तसा. रेल्वेने जावं तर नेमक्या त्याच शनिवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि मधला टप्पा बसने करावा लागतो. जानेवारीत आणखी एक गंमत असते. पंच सकाळी मैदान बघायला येतात, बुटाची टाच जमिनीत रुतते का ते पाहतात, आणि मैदान गोठलंय म्हणून सामना रद्द करतात. ही बातमी तुम्हाला तीन चतुर्थांश वाट संपल्यावरच कळते. अशा वेळी त्या गावाला शिव्या द्या. थंडी त्यांनीच पाडलेली असते.

मैदान सापडलं की त्याची टिंगल करायला विसरू नका. ग्रिम्सबी टाउनचं ब्लंडेल पार्क हे मैदान ग्रिम्सबीत नाहीच, ते शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. म्हणजे हा क्लब घरचे सामनेही परगावीच खेळतो. हा विनोद तिथल्या कुणीही आजवर ऐकलेला नाही, तेव्हा तो मोठ्याने सांगा. तिथला एक स्टँड 1901 सालचा आहे, त्यावरही एखादी कोटी होईल. 27 ऑगस्ट 2025 च्या रात्री मँचेस्टर युनायटेडचे पाहुणेही तिथे आले होते. लीग कपचा सामना, 2-2 अशी बरोबरी, मग पेनल्टी, आणि शेवटी लीग टूमधल्या ग्रिम्सबीचा 12-11 असा विजय. सव्वीस पेनल्टी होईपर्यंत थांबावं लागलं बिचाऱ्यांना, आणि तेही अशा मैदानावर!

ल्यूटनच्या केनिलवर्थ रोडला गेलात तर मोबाइल आधीच काढून ठेवा. ओक रोडवर एकाला एक चिकटून घरं आहेत आणि पाहुण्यांचं प्रवेशद्वार त्या घरांच्या मधोमध आहे. आत शिरून लोखंडी जिना चढलात की खाली लोकांची परसदारं दिसतात: वाळत घातलेले कपडे, कचऱ्याचे डबे, एखादी मोडकी सायकल. फोटो काढून 'हे बघा, हे यांचं स्टेडियम' असं मित्रांना पाठवून द्या. हाच क्लब 2009 ते 2014 अशी पाच वर्षं लीगच्याही, म्हणजे वरच्या चारही श्रेणींच्या, बाहेर होता आणि 2023 मध्ये याच जिन्यासकट प्रीमियर लीगमध्ये पोचला, हे फोटोत दिसत नाही. दिसू नयेच.

आत आल्यावर स्टुअर्ड तुमच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेईल. झाकण लावलेली भरलेली बाटली फेकली तर लागते, नुसती बाटली हवेतच रिकामी होते, असा त्यामागचा विचार. त्याच्याशी वाद घाला. मागे रांग वाढली तरी तत्त्वाचा प्रश्न आहे. टेरेस, म्हणजे खुर्च्यांऐवजी नुसत्या पायऱ्या, असेल तर उभं राहायला मिळेल. वरच्या दोन श्रेणींत मैदानांच्या सुरक्षेवरच्या 1990 च्या टेलर अहवालानंतर खुर्च्या आल्या, खाली मात्र सिमेंटच्या पायऱ्या टिकून राहिल्या. छप्पर बहुतेक ठिकाणी यजमानांच्या डोक्यावर असतं. तुमच्याकडे असलंच तर सोबत त्याचे खांबही येतात, आणि त्यातला एक नेमका तुमच्या नजरेच्या आणि गोलपोस्टच्या मध्ये उभा राहतो. उरलेले दीड तास मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

मध्यंतरात चहाच्या खिडकीशी जा. तिथे एक बाई असतात. त्यांच्या एका हाताला भलीमोठी किटली, दुसऱ्या हाताला मीट पायची गरम पेटी, समोर साखरेच्या पुड्या आणि लाकडी काड्या. त्या तुम्हाला 'लव्ह' म्हणतील. घाबरू नका, उत्तरेत सगळ्यांनाच म्हणतात. मीट पाय वरून कोमट आणि आतून लाव्हा असतो. पहिल्या घासाला जीभ भाजते, मग अर्धा सामना काही चव लागत नाही, आणि त्या मोसमात ते बरंच असतं. बोव्हरिल मागवलंत तर गोमांसाच्या अर्काचं गरम पाणी मिळेल. त्याचा खरा उपयोग हात शेकायला. बिअर मिळाली तर ती आडोशालाच संपवायची, कारण मैदान दिसेल अशा जागी पिणं त्याच 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे. पंधरा मिनिटांत रांग, पैसे, ग्लास आणि मोरी हे सगळं बसवायचं असतं. तुम्ही मात्र बाईंना 'काही व्हीगन आहे का?' असं विचारा. नाही म्हणाल्या तर 'वाटलंच' म्हणून मान हलवा. आहे म्हणाल्या तर तुम्ही फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सला आला आहात. तिथे सगळंच व्हीगन असतं. मग मांस का नाही म्हणून ओरडा करा.

आता मुख्य विषय, ओरडणं. चाळीस हजारांच्या स्टेडियमात तुम्ही इतकी वर्षं जे काही बोललात ते कुणीही ऐकलेलं नाही. तिथे तुमचा आवाज म्हणजे नुसत्या गोंगाटातला एक थेंब होता, आणि त्या जोरावर आपण फार मार्मिक बोलतो असा तुमचा समज झाला. इथे सगळं ऐकू जातं. यजमानांचा डावा बॅक थ्रो-इन घ्यायला येतो तेव्हा तो आणि तुम्ही यांच्यात एक कठडा आणि हातभर गवत एवढंच अंतर असतं. लाइनमनच्या मानेवरचे केस दिसतात. त्यांच्या पोटावर, टकलावर, आईवर जे काही सुचेल ते बोला. गोलकीपरला जरा जास्तच बोला, कारण तो पंचेचाळीस मिनिटं तिथेच असतो, जाणार कुठे. फक्त एक होतं. पाचव्या टोमण्यानंतर तो मागे वळतो, तुमच्याकडे नीट बघतो आणि तुमच्या जॅकेटबद्दल एकच वाक्य बोलतो. त्यावर तुमच्याच बाजूचे लोक हसतात. हे लोक पंधरा वर्षं दर शनिवारी अशा कठड्यांजवळ खेळत आले आहेत. आठ वर्षांच्या पोरांकडूनही त्यांनी तुमच्यापेक्षा बरं ऐकलेलं असतं.

यजमानांचे प्रेक्षक गप्प बसले की 'हे मैदान आहे का वाचनालय' हे गाऊन विचारायचं. ते गाऊ लागले की 'आत्ता कुठे आवाज फुटला' हे गायचं. दुसऱ्या अर्ध्यात उपस्थितीचा आकडा जाहीर होतो, त्यावर हसायचं. त्या आकड्यात तुम्हीही धरलेले असता, ते सोडा.

गावाचा इतिहास थोडा माहीत असला तर अपमान नेमका करता येतो. हार्टलपूलला जाताना केळी न्या. नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेलं एक माकड फ्रेंच हेर समजून या गावाने फासावर दिलं, अशी दंतकथा आहे. माकडावरून चिडवणारे तुम्ही पहिलेच असल्याने ते नक्की चिडतील. फक्त त्यांनी स्वतःच क्लबचा मॅस्कॉट माकड ठेवलाय, नाव हँगस, आणि त्या पोशाखातला माणूस, स्टुअर्ट ड्रमंड, 2002 मध्ये शाळकरी मुलांना फुकट केळी देईन असं सांगून महापौरपदाला उभा राहिला. निवडून आला. मग आणखी दोनदा निवडून आला. त्या गावाला माकडावरून चिडवायचं ते कसं, यावर तुम्हीच विचार करा.

ॲक्रिंग्टन स्टॅनलीला 'हे कोण?' असं विचारायची प्रथा आहे, 1989 च्या एका दुधाच्या जाहिरातीपासून. अवश्य विचारा. कर्जापायी 1962 मध्ये भर मोसमात ते लीगमधून गेले, क्लब बुडाला, 1968 मध्ये नव्याने उभा राहिला. 1962 मध्ये त्यांच्या जागी लीगमध्ये घेतलं ते ऑक्सफर्ड युनायटेडला. ऑक्सफर्डने वरच्या श्रेणीपर्यंत मजल मारली, 1986 मध्ये लीग कप जिंकला. त्या काळात ऑक्सफर्डच्या कुणाला 'ॲक्रिंग्टन कोण?' असं विचारलं असतं तर त्याने खांदे उडवले असते. 2006 मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅनली लीगमध्ये परत आला. त्याच मोसमाअखेर लीगमधून बाहेर पडलेल्यांमध्ये ऑक्सफर्ड युनायटेड होता. मधली 44 वर्षं दोघांपैकी कुणाला जास्त लांब वाटली असतील, कोण जाणे.

अर्थात तुमच्या क्लबचं असं काही होणार नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं झालं, पण त्यांनी युरोपियन कप दोनदाच जिंकला होता, 1979 आणि 1980 मध्ये. 2005 मध्ये ते तिसऱ्या श्रेणीत गेले. लीड्स 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होतं आणि 2008 मध्ये एफए कपात केंब्रिजजवळच्या हिस्टन नावाच्या खेड्यातल्या क्लबकडून हरलं. आणि मँचेस्टर सिटी? टीव्हीवरून सिटीचे चाहते झालेल्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा. 19 डिसेंबर 1998 ला तिसऱ्या श्रेणीत सिटी यॉर्कला 2-1 ने हरली आणि तक्त्यात बाराव्या क्रमांकावर गेली. इतिहासातला तळ तो. त्या दिवशी त्या छोट्या मैदानात उभे असलेले सिटीवाले आज वयस्क झाले आहेत, आणि ती हार कुठल्याही चषकापेक्षा जास्त आवडीने सांगतात. त्यांचं ऐकू नका. आपण वरपक्ष.

सामना संपायच्या दहा मिनिटं आधी निघायचं, हे मोठ्या क्लबच्या माणसाला शोभतं. गर्दी टळते आणि नाराजीही दिसते. यात एक धोका आहे, तो प्लिमथवाल्यांना विचारा. 8 मे 1999 ला ते जवळपास चारशे मैल प्रवास करून कार्लाईलला गेले होते. मोसमाचा शेवटचा दिवस, प्लिमथला त्या सामन्यातून मिळवायचं काही नव्हतं आणि गमवायचंही नव्हतं. कार्लाईलला मात्र जिंकणं भाग होतं, नाहीतर लीगमधून बाहेर. 1-1, वेळ संपलेली, नुसता भरपाईचा वेळ उरलेला, आणि कार्लाईलला कॉर्नर मिळाला. स्विंडनहून उसना आणलेला त्यांचा गोलकीपर जिमी ग्लास अख्खं मैदान धावत पुढे आला. हेडर अडला, चेंडू त्याच्या पायाशी पडला, त्याने तो जाळ्यात मारला. कार्लाईल वाचलं, त्यांच्याऐवजी स्कारबरो लीगबाहेर गेलं, आणि सगळं गाव मैदानावर उतरलं. इंग्लिश फुटबॉलमधला सगळ्यात अविश्वसनीय गोल बघायला पाहुण्यांच्या बाजूलाही माणसं होती, आणि त्यांच्याविरुद्धच तो झाला होता. लवकर निघालेला एखादा प्लिमथवाला असेलच. चारशे मैल परत जाताना त्याने सोबत्यांना काय काय विचारलं असेल!

तर तुम्ही लवकर निघा. बसमध्ये बसल्यावर बंद काचेतूनही लाउडस्पीकर ऐकू येतो. सामना संपला की यजमान पाहुण्यांना 'सुखरूप घरी पोचा' असं सांगतात, तुम्ही जिंकलात किंवा हरलात तरी. हा टोमणाच आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे. बसवाल्याला सांगा तसं. तो म्हणेल, पुढच्या मंगळवारी बॅरोला सामना आहे, रात्री पावणेआठला, येणार का.